मोटारगाडीतील प्लॅस्टिकच्या तुटलेल्या क्लिपा : घरगुती दुरुस्तीचे शास्त्र आणि मर्यादा
(सातारा व सांगली परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे गाव यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव म्हणून सर्वपरिचित आहे. याच गावातील श्री. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जोडून एक छोटी जीप तयार केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिची चर्चा देशभर झाली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी लोहार यांच्या कल्पकतेचे मनापासून कौतुक केले. मात्र ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती रस्त्यावर आणण्यास मनाई होईल, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात लोहार यांना नवी बोलेरो देण्यात आली. हाताने काही घडविण्याचे कौतुक आणि त्या कौतुकाची मर्यादा या दोन्ही गोष्टी या एकाच प्रसंगात दिसून येतात. प्रस्तुत लेखाचा विषय आकाराने फारच लहान असला, तरी त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

स्वतःची वस्तू स्वतः दुरुस्त करणे ही आपल्या भागाची जुनी सवय आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलींच्या व्यवसायापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसविली. साताऱ्यातील महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात तयार होणारी ‘प्रिया’ स्कूटर अनेक घरांत दोन पाने, एक पक्कड व एक स्क्रू ड्रायव्हर एवढ्या साहित्यावर चालू राहिली. त्या पिढीच्या वाहनांत भाग एकमेकांना जोडण्यासाठी लोखंडी बोल्ट, नट व स्क्रू असत. गंजलेला बोल्ट निघत नसे, परंतु निघाल्यावर तो पुन्हा बसत असे. आजच्या मोटारीत मात्र बंपर, दरवाजाच्या आतील पॅड, चाकावरील आवरण, इंजिनखालील कव्हर, डॅशबोर्डच्या पट्ट्या यांसारखे बहुसंख्य भाग प्लॅस्टिकच्या क्लिपांनी अडकविलेले असतात. हवेची गाळणी बदलणे किंवा दरवाजातील ध्वनिवर्धक काढणे यांसारखे घरी सहज करण्याजोगे काम हाती घेतले, की पहिल्या पाच मिनिटांत ‘कट्’ असा आवाज येतो आणि एखादी क्लिप तुटते.

या लेखामागे प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव आहे. लेखकाचे घर साताऱ्यास व नोकरी सांगलीस असल्याने आठवड्याअखेरीस या दोन शहरांदरम्यान स्वतःच्या गाडीने प्रवास घडतो. चालकाच्या पायाखालील मॅट जागेवर धरून ठेवणारी प्लॅस्टिकची कडी गाडी धुताना तुटली होती. लेखकाने ती झटपट चिकटविणाऱ्या द्रवाने घरीच जोडली आणि तो विषय विसरून गेला. पुढे पेठ नाका ते सांगली या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीस ओलांडून पुढे जाताना ॲक्सिलरेटरवरील पाय उचलला, तरी गाडीचा वेग कमी होईना. क्लच व ब्रेक एकदम दाबून, गिअर काढून गाडी कडेला घेतली. मागील आसनावर लेखकाची आई बसलेली होती. खाली वाकून पाहिले असता जोडलेली कडी निखळलेली होती आणि पुढे सरकलेल्या मॅटची कड पेडलवर चढलेली होती. लेखक रसायनशास्त्राचा अध्यापक आहे. पॉलिप्रॉपिलीनवर असा द्रव धरत नाही हे तो वर्गात शिकवितो. असे असूनही स्वतःच्या गाडीतील कडी कोणत्या प्लॅस्टिकची आहे, हे पाहण्याचे त्यास सुचले नाही.

उद्दिष्टे व व्याप्ती :

१. मोटारीतील प्लॅस्टिकच्या क्लिपा कशा कार्य करतात व का तुटतात, हे स्पष्ट करणे.
२. तुटलेला भाग कोणत्या प्लॅस्टिकचा आहे हे घरच्या घरी ओळखण्याच्या पद्धती सांगणे.
३. प्लॅस्टिकच्या प्रकारानुसार दुरुस्तीच्या पद्धतींचे विवेचन करणे.
४. कोणती दुरुस्ती घरी करू नये, याची सीमारेषा निश्चित करणे.

सदर विवेचन बहुवारिकांच्या सर्वमान्य गुणधर्मांवर व लेखकाच्या प्रत्यक्ष कामावर आधारलेले आहे. कोणत्याही एका कंपनीच्या विशिष्ट मोटारीपुरते ते मर्यादित नाही.

१. क्लिपेचे स्वरूप व कार्य :

दाबून अडकविण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील ग्रनोबल येथे आल्बेर-पियेर रेमों यांनी १८८६ मध्ये दाबाचे बटण तयार केले. आज गॅरेजमध्ये सर्रास वापरला जाणारा केबल टाय १९५८ मध्ये विमानांतील तारांचे जुडगे बांधण्यासाठी पुढे आला. मोटार उद्योगाने हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर स्वीकारली, कारण प्लॅस्टिकची क्लिप वजनाने हलकी असते, गंजत नाही, हादऱ्यांनी सैल होत नाही आणि जुळणीच्या वेळी अंगठ्याच्या एका दाबाने बसते.

स्थूलमानाने या क्लिपांचे तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार झाडाच्या आकाराच्या क्लिपांचा होय. तिच्या दांड्यावर फांद्यांप्रमाणे पातळ पाकळ्या असतात. त्या छिद्रातून आत जाताना मिटतात व पलीकडे उघडतात. दरवाजाचे पॅड बहुधा अशा क्लिपांवर असते. दुसरा प्रकार दोन भागांच्या बटण-क्लिपांचा. बाहेरील भागाचे पाय मधली पिन दाबल्यावर फाकतात आणि पकड घेतात. बंपर व इंजिनखालील कव्हर यांना या क्लिपा असतात. तिसरा प्रकार म्हणजे भागाच्याच अंगी असलेला आकडा किंवा ‘लॉक’. हा स्वतंत्र नसून मूळ भागाशी एकजीव असतो. पहिल्या दोन प्रकारांतील क्लिप तुटल्यास नवी मिळते. तिसऱ्या प्रकारातील आकडा तुटल्यास संपूर्ण भाग बदलावा लागतो. म्हणून दुरुस्तीचा खरा प्रश्न तिसऱ्या प्रकाराबाबतच निर्माण होतो.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. यांतील अनेक क्लिपा सुलभपणे बसाव्यात यासाठी रचलेल्या असतात, सुलभपणे निघाव्यात यासाठी नव्हे. ती काढताना तुटली, तर तो नेहमीच काढणाऱ्याचा दोष नसतो.

२. क्लिप का तुटते?

(अ) वाकण्याचे गणित : आकडा म्हणजे एका टोकास पक्की बसविलेली छोटी तुळईच होय. बसताना व निघताना ती दाताच्या उंचीइतकी वाकते. या वेळी तिच्या मुळाशी निर्माण होणारी विकृती पुढील सूत्राने काढता येते.

विकृती = (३ × जाडी × दाताची उंची) ÷ (२ × लांबी × लांबी)

आकड्याची लांबी १० मि.मी., जाडी २ मि.मी. व दात १ मि.मी. असेल, तर विकृती ०.०३ म्हणजे ३ टक्के येते. आता हाच आकडा मुळाशी तुटला आणि आपण त्यावर एम-सीलसारख्या लांबीचा थर देऊन त्याची जाडी ३ मि.मी. केली, तर विकृती ४.५ टक्के होते. आकडा जाड झाल्यामुळे तो मजबूत झाला असे डोळ्यांस वाटते, परंतु वाकताना त्याच्या मुळाशी पडणारा ताण दीडपट झालेला असतो. ‘भरपूर लावले की पक्के बसते’ या समजुतीने केलेली दुरुस्ती दुसऱ्याच वेळी का निखळते, याचे हे उत्तर आहे. याउलट, दात कानशीने घासून ०.७ मि.मी. केला, तर मूळ जाडीच्या आकड्यातील विकृती २.१ टक्के इतकी खाली येते. पकड थोडी कमी होते, परंतु आकडा टिकतो. वारंवार काढ-घाल करावयाच्या आकड्यासाठी एकदाच बसविण्याच्या आकड्याच्या सुमारे ६० टक्के विकृतीच सुरक्षित मानली जाते, हेही ध्यानात ठेवावे.

(आ) ओलावा : बहुतेक स्वतंत्र क्लिपा नायलॉनच्या किंवा ॲसिटल या प्लॅस्टिकच्या असतात. नायलॉनमधील अमाइड गट हवेतील पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतात. नायलॉन ६६ हे मध्यम आर्द्रतेच्या हवेत वजनाच्या सुमारे अडीच टक्के, तर पाण्यात बुडवून ठेवल्यास सुमारे साडेआठ टक्के पाणी शोषून घेते. हे पाणी साखळ्यांमध्ये शिरून त्यांना हालचालीस मोकळीक देते, म्हणजेच नायलॉनला लवचीक व चिवट बनविते. पूर्णतः कोरडे नायलॉन ताठ व ठिसूळ असते.

आपल्या दोन जिल्ह्यांत या गुणधर्माचा प्रत्यय सहज येतो. एकीकडे महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तर दुसरीकडे माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके अवर्षणप्रवण म्हणून ओळखले जातात. उन्हाळ्यात कोरड्या हवेत व बॉनेटखालील उष्णतेत वाळलेली क्लिप थंडीतील कोरड्या पहाटे काढावयास जावे, तर ती हमखास तुटते. तीच क्लिप पावसाळ्यात बहुधा निमूटपणे निघते. नवी क्लिपही पाकिटातून काढल्यावर कोरडी असू शकते.

(इ) उष्णता व प्रकाश : उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. उष्णता, ऑक्सिजन व अतिनील किरण यांच्यामुळे बहुवारिकाच्या लांब साखळ्या तुटत जातात. ओलाव्याअभावी आलेला ताठरपणा पाण्याने दूर होतो, परंतु तुटलेल्या साखळ्या पाण्याने जोडल्या जात नाहीत. पिवळी पडलेली, पृष्ठभागावर बारीक तडे गेलेली क्लिप टाकून द्यावी.

(ई) धूळ व रसायने : कच्च्या रस्त्यावरील वाळूचे कण क्लिपेच्या पाकळ्यांत अडकतात व त्या मिटू देत नाहीत. ए.बी.एस. प्लॅस्टिक ताणाखाली असताना त्यावर पेट्रोल किंवा थिनर लागल्यास त्यास सूक्ष्म तडे जातात. म्हणून अडकलेली क्लिप सैल करण्यासाठी पेट्रोल ओतणे अयोग्य होय.

३. प्लॅस्टिकची ओळख :

पहिला मार्ग म्हणजे भागाच्या आतील बाजूस असलेली खूण वाचणे. दोन कोनांच्या चिन्हांमध्ये रोमन लिपीत अक्षरे कोरलेली असतात. ‘पी.पी.’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ‘पी.ए.’ म्हणजे नायलॉन, ‘पी.ओ.एम.’ म्हणजे ॲसिटल आणि ‘ए.बी.एस.’ हे त्याच नावाचे प्लॅस्टिक. या अक्षरांपुढे ‘टी’ असल्यास त्यात संगजिऱ्याची पूड व ‘जी.एफ.’ असल्यास काचतंतू मिसळलेले असतात.

खूण नसल्यास तुटलेल्या तुकड्याची घनता उपयोगी पडते. शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ ग्रॅम प्रति घन सें.मी. असल्याने तो तुकडा साध्या पाण्यावर तरंगतो. ए.बी.एस. (सुमारे १.०५) व नायलॉन (सुमारे १.१४) साध्या पाण्यात बुडतात, परंतु मिठाच्या संपृक्त द्रावणात (सुमारे १.२) तरंगतात. ॲसिटल (१.४१) दोन्हींत बुडते. मात्र तुकड्यावर हवेचे बुडबुडे राहू देऊ नयेत. संगजिरे किंवा काचतंतू मिसळलेल्या भागाला ही कसोटी फसवी ठरते, कारण भरपूर संगजिरे असलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडते.

ए.बी.एस. व नायलॉन यांतील भेद ॲसिटोनने कळतो. कापसाच्या बोळ्याने न दिसणाऱ्या जागी थेंबभर ॲसिटोन लावल्यास ए.बी.एस. चिकट होते, तर नायलॉनवर परिणाम होत नाही. तुकडा जाळून वास घेण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ आहे. ती टाळावी. ॲसिटल जळताना फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू बाहेर पडतो.

४. दुरुस्तीच्या पद्धती :

४.१ तुटू न देणे : क्लिप काढण्यापूर्वी त्या जागी पाणी मारून माती धुवावी. बटण-क्लिपेची मधली पिन वर उचलावयाची आहे की आत दाबावयाची आहे, हे आधी पाहावे. दोन्ही प्रकार प्रचलित आहेत. स्क्रू ड्रायव्हरचे टोक एकाच बिंदूवर जोर देते. त्याऐवजी टोकाशी खाच पाडलेली बांबूची रुंद कामटी क्लिपेच्या दोन्ही बाजूंनी सरकवून उचलल्यास जोर विभागला जातो व रंगही खरवडत नाही. थंडीच्या दिवसांत गाडी तासभर उन्हात ठेवून किंवा केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा देऊन काम करावे. नायलॉनच्या नव्या क्लिपा सोसवेल इतक्या गरम पाण्यात काही तास ठेवून मग बसवाव्यात.

४.२ स्वतंत्र क्लिप : ही दुरुस्त करीत बसू नये, बदलावी. तिची किंमत काही रुपयांत असते. खरेदीपूर्वी छिद्राचा व्यास, जोडावयाच्या थरांची एकत्रित जाडी आणि क्लिपेच्या टोपीचा व्यास ही तीन मापे व्हर्निअर कॅलिपरने घ्यावीत. नुसते ‘बंपरची क्लिप द्या’ असे सांगितल्यास मिळते-जुळते काहीतरी हाती पडते आणि ते काही दिवसांतच रस्त्यावर पडते. छिद्रच फाटून मोठे झाले असल्यास प्लॅस्टिकच्या पत्र्याचा रुंद वायसर कापून टोपीखाली घालावा.

४.३ ए.बी.एस.चा आकडा : डॅशबोर्डच्या पट्ट्या पुष्कळदा या प्लॅस्टिकच्या असतात. हे प्लॅस्टिक ॲसिटोनमध्ये विरघळत असल्याने त्याचा सांधा चिकटलेला न राहता एकजीव होतो. त्याच प्लॅस्टिकचे बारीक तुकडे झाकणबंद काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये भिजवून लापशीसारखा लगदा करावा. तुटलेल्या दोन्ही कडांना तो लावून आकडा जुळवावा व २४ तास हलवू नये. ॲसिटोन अतिशय ज्वलनशील आहे. हे काम मोकळ्या हवेत व विस्तवापासून दूर करावे.

४.४ पॉलिप्रॉपिलीनचा भाग : बंपर, चाकावरील आवरण व बहुतेक कव्हरे या वर्गात येतात. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटर इतकी कमी असते. आळवाच्या पानावर पाणी पसरत नाही, त्याचप्रमाणे या पृष्ठभागावर चिकटद्रव नीट पसरत नाही. झटपट चिकटविणारे सायनोॲक्रिलेट त्यावर वाळलेले दिसते, परंतु धरलेले नसते. प्रस्तुत लेखकाची कडी याच कारणाने निखळली. येथे उष्णतेने वितळवून जोडणे हाच खात्रीचा मार्ग आहे. तडा गेलेल्या रेषेवर चाकूने इंग्रजी ‘व्ही’ आकाराची खाच करावी. सोल्डरिंगच्या आयर्नने पोलादाच्या बारीक जाळीचा तुकडा मागील बाजूने हळूहळू आत बसवावा व वरून त्याच प्लॅस्टिकची पट्टी वितळवून खाच भरावी. भरावयास मूळ प्लॅस्टिक नसेल, तर स्वयंपाकघरातील ज्या जुन्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा आहे तो कापून घ्यावा. तो पॉलिप्रॉपिलीनचाच असतो. प्लॅस्टिक धुरावू लागले, तर आयर्न अधिक तापले आहे असे समजावे. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांस वितळते, परंतु साधे आयर्न ३०० अंशांच्याही पुढे जाते.

४.५ स्क्रूची बुशी : स्क्रू ज्या पोकळ खांबात बसतो तो उभा चिरला असल्यास बाहेरून दोऱ्याचे घट्ट वेढे द्यावेत, त्यावर सायनोॲक्रिलेट सोडावे व चिमूटभर खाण्याचा सोडा भुरभुरावा. सोड्यामुळे द्रव क्षणार्धात घट्ट होतो व भरावाचे काम करतो. या वेळी उष्णता व डोळ्यांत जाणारी वाफ निर्माण होते, म्हणून चेहरा दूर ठेवावा. असा थर दाब सोसतो, परंतु वाकणे सोसत नाही. त्यामुळे ही पद्धत बुशीस योग्य व आकड्यास अयोग्य होय. पॉलिप्रॉपिलीनच्या बुशीत सर्व भिस्त चिकटण्यावर नसून दोऱ्याच्या वेढ्यांवर असते.

४.६ तात्पुरती सोय : प्रवासात इंजिनखालील कव्हर लोंबू लागल्यास ते तारेने बांधण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तार प्लॅस्टिक कापते व शेजारील विजेच्या तारांचे आवरण घासते. त्याऐवजी काळा केबल टाय वापरावा. काळ्या रंगासाठी मिसळलेली काजळी अतिनील किरणे अडविते, म्हणून पांढऱ्या टायपेक्षा तो उन्हात अधिक टिकतो. ही सोय घरी पोहोचेपर्यंतची आहे, हे विसरू नये.

५. जेथे दुरुस्ती करू नये :

येथवरचे विवेचन ‘कसे जोडावे’ यासंबंधी आहे. परंतु त्याआधी ‘ही क्लिप काय धरून ठेवते?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. डॅशबोर्डची पट्टी निखळली, तर खडखडाट होतो. पुढील चार ठिकाणी निखळली, तर जीव जातो.

(१) चालकाच्या पायाखालील मॅटच्या कड्या. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे झालेल्या एका मोटार अपघातात चार व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्या गाडीत दुसऱ्या मॉडेलची मॅट टाकलेली होती व ती कड्यांत अडकविलेली नव्हती. मॅटखाली ॲक्सिलरेटर अडकला होता. त्यानंतर सप्टेंबर २००९ मध्ये टोयोटा कंपनीने तेथील सुमारे ३८ लाख वाहनांबाबत मॅट काढून ठेवण्याची सूचना जाहीर केली. कडी तुटली असेल, तर नवी बसेपर्यंत ती मॅट काढून ठेवणे हाच सर्वांत सुरक्षित उपाय होय. त्यास खर्चही येत नाही.

(२) छताच्या कडेची एअरबॅग झाकणाऱ्या खांबांवरील पट्ट्यांच्या क्लिपा. एअरबॅग उघडताना पट्टी ठरावीक रीतीने बाजूस व्हावी, परंतु प्रवाशांवर उडू नये, अशी त्यांची रचना असते. यांतील काही क्लिपा एकदाच वापरावयाच्या असतात. त्या चिकटविल्यास हा हिशेब बिघडतो.

(३) इंधनाच्या नळ्यांच्या जोडावरील प्लॅस्टिकची लॉके आणि ब्रेकच्या नळ्या धरून ठेवणाऱ्या क्लिपा. येथे सतत दाब, उष्णता किंवा घर्षण असते.

(४) स्टिअरिंगखालील व पेडलजवळील तारांचे जुडगे बांधणाऱ्या क्लिपा. लोंबणारी तार पायात अडकू शकते.

या चार ठिकाणी मूळ मापाची नवी क्लिप बसविणे किंवा जाणकाराकडे काम सोपविणे, एवढाच पर्याय शिल्लक राहतो.

६. अध्यापनातील उपयोग :

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्याच्या भूमीत श्रम व शिक्षण यांची सांगड घातली. आज आपल्या विज्ञान शाखांत बहुवारिके फळ्यावर शिकविली जातात आणि विद्यार्थी मात्र घरच्या दुचाकीचे तुटलेले आवरण तारेने बांधून महाविद्यालयात येतो. गॅरेजमधून मागून आणलेल्या तुटक्या क्लिपांची एक पिशवी, पाण्याचे व मिठाच्या द्रावणाचे दोन चंचुपात्र आणि थोडे ॲसिटोन एवढ्या साहित्यात घनता, ध्रुवीयता व द्राव्यता यांचे प्रात्यक्षिक होऊ शकते. नायलॉनची एक क्लिप वाळवून व दुसरी भिजवून दोन्हींचे वजन करावे व दोन्ही वाकवून पाहाव्यात. हायड्रोजन बंध म्हणजे काय, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. भौतिकशास्त्राच्या वर्गात तुळईचे सूत्र याच क्लिपेवर पडताळता येईल.

निष्कर्ष :

१. क्लिप तुटण्यास बळाइतकेच तिचे प्लॅस्टिक, त्यातील ओलावा व तिचे वय कारणीभूत असते.
२. स्वतंत्र क्लिप बदलावी. मूळ भागाचा आकडा तुटल्यास तो प्लॅस्टिकच्या प्रकारानुसार दुरुस्त करावा. ए.बी.एस. विरघळवून जोडावे, पॉलिप्रॉपिलीन वितळवून जोडावे. नायलॉन व ॲसिटल या दोहोंबाबत नवी क्लिप घेणेच श्रेयस्कर होय.
३. आकड्यावर जाड थर देणे ही दुरुस्ती नव्हे. त्यामुळे मुळाशी येणारी विकृती वाढते.
४. ‘ती काय धरून ठेवते, ती कशाची आहे आणि ती का तुटली’ या तीन प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने मिळाल्याशिवाय चिकटद्रवाची नळी उघडू नये.

प्रस्तुत लेखकाने ती तुटलेली कडी टाकून दिलेली नाही. सायनोॲक्रिलेटचा पापुद्रा अजूनही तिच्या एका बाजूस जसाच्या तसा आहे, तर दुसरी बाजू स्वच्छ व गुळगुळीत आहे. बहुवारिकांचे प्रकरण सुरू करताना ती वर्गात विद्यार्थ्यांच्या हाती दिली जाते. स्वतःच्या हाताने दुरुस्ती करण्याची आपल्या भागाची सवय निश्चितच टिकली पाहिजे. ती टिकावयाची असेल, तर कोठे थांबावे हे ओळखणे हाही त्याच कौशल्याचा भाग मानला पाहिजे.